हिरव्याच्या आधीचे रंग

नव्या मुंबईतील करावे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. ठाणे खाडीच्या पूर्वेकडील काठाला ते वसलेले आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले, आणि त्या आखणीत करावेही आले. आज गावाच्या एका अंगाला उंच इमारती आहेत, तर पाम बीच रस्ता ओलांडून टी. एस. चाणक्य या नौकाप्रशिक्षण संस्थेच्या मागे गेले, की तिवरे, पाणथळ आणि खाडीचा चिखल लागतो. हिवाळ्यात येथे रोहित पक्षी उतरतात आणि चोच उलटी करून तासन् तास तो चिखल गाळीत बसतात.

परक्या माणसाला त्या चिखलाचा वासच आधी येतो. पण ओहोटीला उघडा पडलेला असा चिखल जरा वाकून पाहिला, तर त्याच्या पाठीवर एक बारीक, हिरवट-तपकिरी पापुद्रा दिसतो. सूक्ष्म शैवले आणि निळे-हिरवे जीवाणू यांची ती वस्ती. तिच्या खाली, जेथे हवा पोचत नाही पण थोडासा उजेड झिरपतो, तेथे जगभरच्या अशा चिखलांत जांभळे जीवाणू राहतात. तिवराच्या पानात, वरच्या पापुद्र्यात आणि खालच्या जांभळ्या थरात सूर्यप्रकाश पकडण्याचे काम एकाच घराण्याची द्रव्ये करतात. त्या घराण्याचे नाव हरितद्रव्य, म्हणजेच क्लोरोफिल.

वाचकहो, हरितद्रव्य पानात असते हे आपण शाळेतच शिकतो. पण ते पानात येते कोठून? ते काही जमिनीतून वर चढत नाही. पेशी ते स्वतः घडवते, पायरीपायरीने. हिरवा रंग ही अगदी शेवटच्या पायऱ्यांची गोष्ट. त्याच्या आधी बिनरंगी, तांबडी, तपकिरी अशी कितीतरी द्रव्ये होऊन जातात. त्यांना हरितद्रव्याची पूर्वद्रव्ये म्हणतात. ही पूर्वद्रव्ये माणसाने कशी पकडली आणि शुद्ध करून बाटलीत कशी घातली, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम खुद्द हिरव्याकडे वळू. १८१७-१८ च्या सुमारास पॅरिसमध्ये पेलेतिए आणि कावाँतू या दोन औषधशास्त्रज्ञांनी पानांतून हा रंग काढला आणि त्याला क्लोरोफिल हे नाव दिले. हिवतापावरचे क्विनीन पुढे १८२० मध्ये वेगळे काढणारी जोडी ती हीच. हा रंग म्हणजे एकच द्रव्य आहे असे त्या वेळी सर्वांना वाटत होते. १८६४ साली इंग्लंडात स्टोक्स यांनी वर्णपटाच्या साहाय्याने दाखविले की त्यात दोन हिरवी आणि काही पिवळी द्रव्ये मिसळलेली आहेत. पण मिसळलेली आहेत असे म्हणणे निराळे, आणि ती सुटी करून दाखविणे निराळे.

ती सुटी करण्याची युक्ती काढली मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने. काचेच्या नळीत खडूची बारीक पूड ठासून भरावयाची, वरून पानांचा अर्क ओतावयाचा आणि त्यामागून स्वच्छ द्रावक सोडावयाचा. अर्क खाली झिरपू लागला की प्रत्येक रंग आपापल्या गतीने उतरतो, आणि पांढऱ्या नळीत हिरवे-पिवळे पट्टे उमटतात. १९०३ साली वॉर्सा येथे त्यांनी या कामावर व्याख्यान दिले. १९०६ साली या पद्धतीला नाव मिळाले, ते आपल्याकडे वर्णलेखन म्हणून रूढ आहे. मौज अशी की 'त्स्वेत' या रशियन शब्दाचा अर्थच मुळी 'रंग' असा आहे. पण त्यांच्या हयातीत या युक्तीची फारशी कोणी कदर केली नाही. १९१९ साली ते वारले. आज जगातली एकही रसायनशाळा या पद्धतीवाचून चालत नाही.

त्याच काळात जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड व्हिल्श्टेटर यांनी दोनशेहून अधिक वनस्पती तपासल्या आणि सर्वांत हरितद्रव्य तेच आहे हे सिद्ध केले. त्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो, हाही शोध त्यांचाच. १९१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना या कामासाठी मिळाले. हा मॅग्नेशियमचा अणू मोठा नाजूक. जराशा आम्लाने तो निसटतो आणि हिरवा रंग मळकट होतो. याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरात रोज मिळतो. पालेभाजी झाकण ठेवून फार वेळ शिजवली की ती काळपट पडते, कारण भाजीतलीच आम्ले वाफेबरोबर न जाता भांड्यात राहतात. म्हणून जाणती गृहिणी पालक उघडाच परतते. हरितद्रव्य काढणाऱ्यालाही हेच पथ्य पाळावे लागते. अर्काला आम्लाचा स्पर्श होऊ नये म्हणून तो त्यात चिमूटभर क्षार किंवा अमोनियाचे काही थेंब घालून ठेवतो.

आता पूर्वद्रव्यांकडे येऊ. त्यांतले एक आपण सर्वांनी पाहिले आहे, फक्त त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. नवरात्रात घट बसतात. पत्रावळीवर माती पसरून तीत धान्य पेरतात, आणि देवघराच्या अंधारात नऊ दिवसांत लांबसडक, पिवळेधमक अंकुर येतात. दसऱ्याला ते टोपीत खोवतात, देवाला वाहतात. हे अंकुर पिवळे का? पेरलेला गहूच शेतात हिरवा होतो ना? तर अंधारातल्या त्या पानाने हरितद्रव्याची जवळजवळ सारी घडण उरकलेली असते. अगदी शेवटाशी येऊन ते थांबते, कारण पुढच्या पायरीला उजेड लागतो. तेथे जे द्रव्य वाट पाहत थांबलेले असते त्याला प्रोटोक्लोरोफिलाइड म्हणतात. घट उजेडात आणून ठेवा. काही तासांतच अंकुरांवर हिरवी झाक येऊ लागते.

या द्रव्याचा सुगावा एकोणिसाव्या शतकातच लागला होता. भोपळ्याच्या बीच्या कवचाखाली एक हिरवट पापुद्रा असतो. त्यात याच घराण्याचे द्रव्य सापडते, म्हणून जुन्या संशोधकांनी भोपळ्याच्या बिया सोलून ते गोळा केले. पण हेच द्रव्य हरितद्रव्याचे खरे पूर्वद्रव्य, की नुसताच शेजारी? हा वाद बरीच वर्षे चालला. अमेरिकेत कार्नेगी संस्थेचे जेम्स स्मिथ यांनी १९४८ साली अंधारात वाढविलेली रोपे घेऊन मोजमाप केले. उजेड पडल्यावर एक द्रव्य जितके कमी होते तितकेच दुसरे वाढते, असे त्यांना आढळले. हिशेब जुळला. वाद मिटला.

ही झाली शेवटची पायरी. तिच्या आधीच्या पायऱ्यांवरची द्रव्ये पकडणे फार कठीण, कारण ती थांबतच नाहीत. एक द्रव्य तयार झाले न झाले तोच पुढचे एन्झाइम ते उचलते. निरोगी हिरव्या पानात त्यांचा जेमतेम माग लागतो. मग करावयाचे काय? खाडीकाठच्या शेतकऱ्याला याचे उत्तर विचारावे. खारजमिनीच्या बांधाला पाणी सोडण्यासाठी दार असते. ते मोकळे असले की पाणी कसे आणि किती वाहते ते लक्षातही येत नाही. दार बंद करा, पाणी मागे तुंबते आणि डोळ्यांना दिसते. घडणीची वाट एखाद्या ठिकाणी अडवली, की त्या जागेच्या मागचे द्रव्य तुंबते. तुंबले की दिसते, आणि दिसले की काढता येते. पूर्वद्रव्यांचा सारा इतिहास म्हणजे अशा अडवलेल्या वाटांचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अशी वाट मुद्दाम अडवून दाखविली ती न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील सॅम ग्रॅनिक यांनी. क्लोरेला नावाचे एकपेशी हिरवे शैवल त्यांनी घेतले आणि त्यावर क्ष-किरण सोडले. बहुतेक पेशी मेल्या. उरलेल्यांतून वाढलेल्या काही वसाहती हिरव्या न होता तपकिरी झाल्या. दुसऱ्या कोणी त्या बिघडल्या म्हणून टाकून दिल्या असत्या. ग्रॅनिक यांनी नेमक्या त्याच निवडल्या आणि त्यांतून प्रोटोपॉर्फिरिन नावाचे तांबडे-तपकिरी द्रव्य वेगळे काढले. ही गोष्ट १९४८ ची. त्याच वर्षी दुसऱ्या एका बिघडलेल्या वाणात त्यांना मॅग्नेशियम बसलेले प्रोटोपॉर्फिरिन सापडले. १९५० साली त्याही पुढची एक पायरी मिळाली. तीन बिघाडांतून वाटेवरच्या तीन खुणा हाती आल्या.

आणि येथेच एक मोठे आश्चर्य पुढे उभे राहिले. प्रोटोपॉर्फिरिन हे द्रव्य शास्त्रज्ञांना नवे नव्हते. आपल्या रक्ताला तांबडा रंग देणाऱ्या हीमचे ते अगदी आधीचे द्रव्य! त्याच्या मध्यभागी लोखंड बसले की हीम होते, मॅग्नेशियम बसले की हिरव्याकडची वाट सुरू होते. हरितद्रव्य आणि रक्तद्रव्य यांचे साम्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेन्त्स्की आणि मार्खलेव्स्की यांनी दाखविले होते. हान्स फिशर यांनी १९२९ मध्ये रक्तातले हेमीन प्रयोगशाळेत घडविले, १९३० चे नोबेल मिळविले आणि १९४० पर्यंत हरितद्रव्याची रचनाही उलगडली. पण ही दोन द्रव्ये एकाच वाटेने घडतात आणि एका विशिष्ट नाक्यावर विभक्त होतात, हे ग्रॅनिक यांच्या तपकिरी शैवलाने दाखविले.

आता कोणी म्हणेल, लोखंडाची वाट प्राण्यांची आणि मॅग्नेशियमची वाट झाडांची. तसे मात्र नाही. झाडाला दोन्ही वाटा लागतात. झाडही श्वास घेते, आणि त्या श्वसनाला सायटोक्रोम नावाची लोखंडी द्रव्ये हवी असतात. वनस्पतींतल्या या बाजूचा शोध घेणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, ते आपण विसरता कामा नये. कमला भागवत यांना १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी तेथे सत्याग्रहाची भाषा केली आणि प्रवेश मिळविला. पुढे केंब्रिजला त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करू लागल्या, आणि वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोमचे कार्य चालते हे त्यांनी दाखविले. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. हेच हिल त्या सुमारास पानातून काढलेल्या हरितकणांपासून उजेडात प्राणवायू कसा सुटतो ते पाहत होते. म्हणजे एकाच प्रयोगशाळेत एका बाजूला हिरवी वाट, दुसऱ्या बाजूला लोखंडी वाट. लग्नानंतर कमला सोहोनी झालेल्या या विदुषीने पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांना घडविले. दुर्गा भागवत त्यांच्या भगिनी.

नाक्यापर्यंत आपण आलो. पण नाक्याच्याही मागे वाट कोठवर जाते? याचे उत्तर माणसाच्या शरीरातून मिळाले. १९४५ साली डेव्हिड शेमिन यांनी खूण केलेल्या, म्हणजे जड नायट्रोजन असलेल्या ग्लायसिनचे ६६ ग्रॅम तीन दिवसांत स्वतः खाल्ले आणि मग स्वतःचेच रक्त वेळोवेळी काढून तपासले. खूण हीममध्ये उतरली होती. तेव्हा या साऱ्या मोठ्या रेणूची सुरुवात ग्लायसिनसारख्या अगदी साध्या अमिनो आम्लापासून होते हे कळले. त्याच रक्तावरून तांबडी पेशी सुमारे चार महिने जगते हेही समजले, तो वरकड लाभ.

मधला दुवा मिळाला तो रोग्यांकडून. पॉर्फिरिया नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याच्या एका प्रकारात पोटात असह्य कळा येतात, मन भ्रमते आणि लघवी ठेवून दिली तर काळपट-तांबूस होते. १९५२ साली लंडनमध्ये वेस्टॉल यांनी अशा रोग्याच्या लघवीतून बिनरंगी स्फटिक वेगळे केले. ते होते पॉर्फोबिलिनोजेन. लगोलग १९५३ मध्ये शेमिन यांनी अमेरिकेत आणि न्यूबर्गर व स्कॉट यांनी इंग्लंडात त्याच्याही आधीचे द्रव्य ओळखले, अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. सोयीसाठी आपण त्याला 'अला' म्हणू. अलाचे दोन रेणू जुळले की एक पॉर्फोबिलिनोजेन. तसे चार एकत्र आले की एक कडे. म्हणजे हिरव्या रंगाच्या प्रत्येक रेणूमागे अलाचे आठ रेणू खर्ची पडतात. हिरवेपणाच्या साखळीतला हा दुवा एका आजारी माणसाच्या लघवीने हाती दिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यानंतर पाळी आली चिखलातल्या जीवाणूंची. व्हान नील यांनी १९४४ साली जांभळ्या जीवाणूंवर मोठा प्रबंध लिहिला. त्यांतला एक, आज ऱ्होडोबॅक्टर म्हणून परिचित असलेला, मोठा सोयीचा निघाला. हवा भरपूर असली की तो आपली रंगद्रव्ये घडवीत नाही. हवा कमी केली की थोड्याच तासांत घडवू लागतो. म्हणजे कळ दाबावी तशी वाट सुरू किंवा बंद करता येते. ऑक्सफर्डमध्ये जून लॅसेल्स यांनी १९५६ साली दाखविले की या जीवाणूला लोखंड कमी पडले तर तो पॉर्फिरिने भराभर बाहेर टाकतो. लोखंड दिले की ती घटतात आणि जीवाणूतले हरितद्रव्य वाढते. येथे पेशी फोडण्याचीही गरज नाही. ज्या द्रवात जीवाणू वाढवला त्यातच माल तयार! पुढे या जीवाणूंचे निरनिराळ्या पायऱ्यांवर अडलेले वाण मिळत गेले आणि पूर्वद्रव्ये काढण्याचे ते एक हुकमी साधन झाले.

जीवाणू आणि वनस्पती यांची वाट मात्र सुरुवातीला एक नाही. जांभळा जीवाणू आपल्याप्रमाणेच ग्लायसिनपासून अला करतो. हिरवे पान ते ग्लुटामिक आम्लापासून करते, हे बील आणि कास्तेलफ्रांको यांच्या १९७४ च्या कामातून उघड झाले. शेवटीही फरक आहे. फुलझाडाला शेवटच्या पायरीला उजेड लागतोच. जीवाणूंपाशी, शैवलांपाशी आणि पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांपाशी अंधारातही ते काम करणारे दुसरे एन्झाइम असते. म्हणून घटातला गहू पिवळा राहतो, आणि पाइनचे रोप अंधारातही हिरवे होते.

आता प्रत्यक्ष काढण्याची रीत थोडक्यात सांगतो. रोपे अंधारात वाढवतात आणि त्यांना अला पाजतात; मग प्रोटोक्लोरोफिलाइड इतके साठते की पाने अंधारातच हिरवट दिसू लागतात. ग्रॅनिक यांनी १९५९ साली जवाच्या रोपांवर हे दाखविले. पुढचे सर्व काम मंद हिरव्या दिव्यात, कारण तो रंग हे द्रव्य फारसे शोषीत नाही. पाने थंड अॅसिटोनमध्ये, अमोनियाचे थेंब घालून वाटतात आणि गाळून घेतात. त्या अर्कात हेक्झेन घालून हलवले की पिवळी द्रव्ये आणि शेपटीवाले पूर्ण हरितद्रव्य वरच्या थरात जाते. बिनशेपटीचे पूर्वद्रव्य खाली राहते. तेथून ते ईथरमध्ये घेऊन स्तंभावर सोडतात, त्स्वेत यांच्या खडूच्या नळीची ती आजची नात. मॅग्नेशियम नसलेली पॉर्फिरिने असतील तर व्हिल्श्टेटर यांची जुनी युक्ती अजून उपयोगी पडते. ईथरमधून कोणते पॉर्फिरिन किती तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उतरते, यावरून ती एकेक करून वेगळी करता येतात. शेवटी जांभळ्या-निळ्या उजेडात बाटली धरावी. आतले द्रव्य लाल चमकते, तीच त्याची ओळख.

ही चमक नुसती शोभेची नाही. उजेड आणि प्राणवायू मिळाला की ही द्रव्ये आपल्या भोवतीची पेशी जाळतात. पॉर्फिरियाच्या काही प्रकारांत रोग्याची कातडी उन्हाने भाजते ती यामुळेच. १९८४ साली इलिनॉय विद्यापीठात रिबीझ यांनी रोपांवर अला फवारून त्यांना रात्री पूर्वद्रव्ये साठवू दिली. सकाळी ऊन पडताच रोपे होरपळली. तेव्हा निरोगी पानात पूर्वद्रव्ये सापडत का नाहीत, याचे खरे उत्तर हे आहे. ती थांबली तर पान मरते, म्हणून पान त्यांना थांबू देत नाही. ज्याला आपण दुर्मिळता समजत होतो ती पानाची सावधगिरी होती.

आणि ज्याने जळते त्याचाच औषधाला उपयोग झाला. मेंदूच्या काही गाठींवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी रोग्याला अला प्यावयास देतात. गाठीच्या पेशींत प्रोटोपॉर्फिरिन तुंबते, निळसर उजेडात गाठ लाल चमकते, आणि निरोगी मेंदू कोठे संपतो ते शल्यविशारदाला दिसते. युरोपात २००७ साली आणि अमेरिकेत २०१७ साली या उपायाला मान्यता मिळाली. जपानमध्ये औद्योगिक प्रमाणावर अला बनविण्यासाठी वापरला गेला, तो जांभळ्या जीवाणूचाच एक बदललेला वाण.

तेव्हा वाचकहो, या साऱ्या विद्येचे भांडवल कोणते ते बघा. भोपळ्याच्या बीचा पापुद्रा, क्ष-किरणांनी बिघडलेले शैवल, रोग्याची लघवी आणि चिखलातला जांभळा जीवाणू. यांपैकी एकही वस्तू अशी नाही की जी कोणी जपून ठेवावी. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळांत गणला गेला. पण करावे-नेरूळच्या काठच्या पाणथळांसारख्या कितीतरी जागा राखावयाच्या की बांधकामाला द्यावयाच्या, हा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. तो वाद बहुधा पक्ष्यांच्या नावाने चालतो, आणि ते योग्यच आहे. पक्षी दिसतो, त्याला कैवारी मिळतो. खालच्या पापुद्र्याला कैवारी नाही. पक्षी मात्र त्यावरच जगतो, आणि आपण ज्याला हिरवे म्हणतो ते घडविण्याची कला आपल्या झाडांच्या कितीतरी आधी अशाच जीवाणूंनी साधली होती. चिखल बुजवून त्यावर हिरवळ लावता येते. पण ती हिरवळ ज्या विद्येने हिरवी होते, तिचे जुने घर आपण बुजवले, एवढे त्या वेळी ध्यानात असावे.